वलणीवरचं लुगडं

सगुणा, ज्या लुगड्यापायी गावानं तुला चोरटी म्हटलं, ते मी नेलं होतं. हे तुला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, तिसऱ्या कोणाला नव्हतं. आज पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण मी मला ओळखतो. तुझ्या हातच्या आमटीचं कौतुक करत, हळदीच्या बाजाराकडून वळसा घेत मी शेवटपर्यंत त्या जागी पोचलो नसतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, "आवं, मुद्द्याचं बोला की." बोललो. उशीर झाला हे आता तू सांगू नकोस.

वडूजच्या पलीकडं त्या उघड्या माळावर आपलं घर. बाजरी साधली तर साधली, नाहीतर हुलग्याच्या माडग्यावर दिवस काढायचे. घरात दादा, वहिनी, त्यांचा लहानगा पोर, आपण दोघं, आणि दोघी जावांत मिळून माणसात जायचं लुगडं एक. हिरवं, तांबड्या काठाचं. एरवी तुम्ही दोघी तुकडे जोडून दंड घातलेल्या फाटक्यात वावरायच्या, तेही असं की पुढून कोणी आलं तर पाठ भिंतीला लावून उभं राहावं. कुठं लग्न असो, बारसं असो, बाजार असो, जी जाईल तिनं ते नेसायचं, आल्यावर स्वतः धुवायचं, वाळवायचं आणि घडी करून दुसरीच्या हातात द्यायचं. हातात. खुंटीवर ठेवायचं नाही, खाटेवर टाकायचं नाही. हा नियम तुम्ही दोघींनीच केला होता. गावात थट्टा चालायची, "त्येंच्यातली एक जाऊ रस्त्यात दिसली की दुसरी घरात हाय समजायचं." तुम्हीही हसायचा त्यावर. मी नाही हसलो कधी. मला वाटायचं, हसण्यासारखं काय आहे यात?

मग मला सांगलीला काम मिळालं. हरिपूरच्या पेवांवर, जमिनीतल्या खोल कोठारांत उतरून, हळद भरायची, काढायची. आधी एकटाच राहिलो. पेढीच्या मालकानं मागच्या चाळीत खोली दिली तेव्हा म्हणाला, "कुटुंब आण. पण माणसात राहायचंय, माणसासारखे या." त्याच चाळीतल्या एका हमालाच्या बायकोला तिच्या चिंध्यांवरून नळापासून हाकललेलं मी पाहिलं होतं. ते डोक्यात घेऊन मी तुला न्यायला आलो.

निघायच्या पहाटे वहिनी पाण्याला गेली होती. लुगडं धुऊन वलणीवर टाकलेलं होतं. मी ते ओढून काढलं आणि तुझ्या पुढ्यात धरलं.

"हे नेस. वयनीनं दिलंय."

"बाई सोता म्हनाल्या?"

"व्हय."

"मग त्यास्नी भेटून जाऊ की. असं कसं नेसून निघायचं?"

"रहिमतपुरात गाडी चुकंल. चल."

तू नेसलीस. बैलगाडीत, मग आगगाडीत, सगळ्या वाटेनं पदराचा काठ बोटानं सारखा करत होतीस. म्हणालीस, "बाईंनी लय मोठं काम केलं." मी खिडकीतून बाहेर बघत बसलो.

वहिनीनं ते लुगडं म्हसवडला जायचं म्हणून धुतलं होतं. तिचा बाप तिकडं अंथरुणाला खिळला होता, निरोप आला होता. मला हे माहीत नव्हतं असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. खोटं आहे ते. आदल्या दिवशी भाकरी वाढताना ती बोलली होती, आणि मी ऐकलं होतं. दुसऱ्या कोणाचं तरी मागून नेसेल असं मी मनाशी धरलं. पण म्हसवडलाच सिद्धनाथाच्या रथाचे दिवस होते. ज्या बायांकडं धड लुगडं होतं त्या सगळ्या यात्रेला निघालेल्या. वहिनी घरोघर फिरली. अखेर यात्रेकरू परतल्यावर कोणाचं तरी मिळालं. ती पोचली तेव्हा बाप गेला होता.

आणि इकडं तू सांगलीत तिचं नाव गात होतीस. नळावर, जात्यावर, चाळीतल्या ओट्यावर. "माज्या जावंनं सोताचं काढून दिलं बघा. सख्खी भन करनार न्हाई." मी पेवावरून पिवळा होऊन यायचो आणि हे कानावर पडायचं. एकदा मी वैतागून म्हणालो, "किती वेळा सांगशील?" तू म्हणालीस, "तुमाला काय तरास हुतो चांगलं बोलल्याचा?"

शिमग्याला दादा आला. तू दाराआड पदर घेऊन उभी, अंगावर तेच लुगडं. दादा बसला, पाणी प्याला, आणि तुझ्याकडं न बघता मला म्हणाला, "ईचारायचं तरी रं एकदा. तिनं न्हाई म्हनलं नसतं. बापाच्या तोंडात पानी घालायचं ऱ्हायलं तिचं." मग सगळं सांगितलं. रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. दादा आजारी माणसाची हकीकत सांगावी तसा सांगत होता. शेवटी म्हणाला, "बाईमानसाला मोह हुतो. जाऊं दे."

बाईमाणसाला. मी तिथं बसलो होतो, सगुणा. जीभ होती, दात होते. तू दाराआडून माझ्याकडं बघितलंस. मी तांब्या उचलून पाणी प्यायलो.

आता मला खरंच सांग, तू का नाही बोललीस? एका वाक्याचं काम होतं. "म्यां न्हाई, ह्यांनी." दादानं दोन शिव्या दिल्या असत्या मला, एखादी थोबाडीत दिली असती, आणि सगळं तिथंच मिटलं असतं. पण नाही. तू आत गेलीस, जुनं दंडाचं नेसलीस, ते लुगडं धुतलंस, वाळवलंस, आणि दुसऱ्या दिवशी घडी करून दादाच्या पुढ्यात ठेवलंस. एक शब्द नाही. दादानं काय समजायचं? त्यानं तेच समजलं जे कोणीही समजला असता. चोरी सापडली, माल परत केला. गावभर तेच झालं. त्यात तुझाही थोडा दोष आहे असं मी तुला त्या वेळी म्हणालो, आणि तू इतका वेळ माझ्याकडं बघत राहिलीस की मीच उठून बाहेर गेलो.

रात उलटल्यावर एवढंच म्हणालीस, "म्यां सांगितलं तर ती नवऱ्याची चुगली. तुमचं तुमी सांगायचं." पुढं हेच तुझं पालुपद झालं. आणि माझं, "सांगतो की. पळून चाललोय का?"

मग आपले दिवस पालटले. हे तरी खोटं नाही ना? हमालीतून मी तोलाईला आलो, तोलाईतून थोडी अडत सुरू केली. लढाई सुरू झाली, हळदीला भाव चढला. घरात काचेचा कंदील आला, पितळेची घागर आली, गुळाच्या चहात दूध पडू लागलं. मी तुझ्यासाठी इरकली लुगडं आणलं. कुठल्याही बायकोनं हातात घेऊन काठ पाहिला असता. तू चुलीपुढून न उठता विचारलंस, "कुनाच्या वलनीवरनं आनलं?"

एकदा विचारलंस ते समजलो. पण दर वेळी? चप्पल आणली, तर वलणी. पाटल्या केल्या, तर वलणी. सोनाराकडं कुठली आली गं वलणी? मी ओरडायचो, "घामाचं हाय हे, घामाचं." तू म्हणायचीस, "व्हय की. म्यां कुटं न्हाई म्हनते? नुसतं ईचारलं." आणि माणसात जायचं लुगडं म्हणून एकच ठेवायचीस. दुसरं आलं की आठवड्यात कोणाच्या तरी अंगावर. चाळीतल्या बायांना वाटायचं, कोण दानशूर. मला ठाऊक होतं, ती माझ्यावरची वसुली होती.

मी म्हटलं, मिटवू. गावाकडं जाणाऱ्या गाडीवानाबरोबर वहिनीला नवंकोरं लुगडं पाठवलं, तिच्या जुन्याहून दसपट चांगलं. काही निरोप नाही. पुढं आपण पुतण्या पलटणीत भरती झाला म्हणून गावी गेलो. निजायला वहिनीनं नवी वाकळ अंथरली. मी आडवा झालो आणि उसवलेल्या कडेतून मला काठ दिसला. मी पाठवलेल्या लुगड्याचा. एकदाही न नेसता, पाण्यात न घालता, तिनं ते फाडून वाकळेच्या पोटात घातलं होतं. विरलेली, फाटकी, मेलेल्या माणसांची धडुती जिथं घालतात तिथं. मी उठून बसलो. तू हात फिरवलास आणि म्हणालीस, "मऊ हाय की. निजा." मग तोंडात पदर कोंबून हसत राहिलीस, आणि मला कळेना की तू हसतेस का रडतेस. आजही कळलेलं नाही.

त्याच खेपेला पाणवठ्यावर वहिनी तुला चारचौघींत म्हणाली, "आली सांगलीची रानी. वलनी सांबाळा गं बायांनू." हे मला दुसऱ्याच बाईकडून कळलं. तू घागर भरून आलीस, ओतलीस, आणि मला विचारलंस चहा घेणार का.

पुढं कंट्रोल आलं. आता हे बघ, गावाकडं असताना वडूजच्या बाजारात कापडाचे तागे रचलेले असायचे आणि आपण लांबून बघायचो. आता खिशात पैसा होता आणि दुकानाच्या फळ्या रिकाम्या. कापडाला कार्ड, रॉकेलला रांग, रेशनला किडका जोंधळा. मी अडत्या माणूस, पटका बांधून हमालांच्या मागं उभा. तू घरून भाकरी घेऊन आलीस आणि रांगेतच हसायला लागलीस. "कवा न्हवतं आनि आता बी न्हाई. मग मदी काय हुतं आपल्याकडं?"

मला संताप आला. मी घरी येऊन म्हणालो, "ते निराळं आणि हे निराळं. तेव्हा आपण दळिद्री होतो. आता सगळ्या जगालाच मिळेना."

तू म्हणालीस, "तवा तुमाला लाज वाटायची, म्हनून उचललं. आता रांगेत लाज वाटती. निराळं काय झालं ते सांगा."

मी उत्तर दिलं नाही. आज देतो. तेव्हा वहिनीकडं मागितलं असतं तर मिळालं असतं. आता सांगलीत मी कोणाकडं मागू शकत नव्हतो, आणि माझ्याकडं कोणी मागू नये म्हणून मी पेटीला कुलूप लावलं होतं. तुला त्या कुलपाचं फार हसू यायचं. मला वाटायचं, तुला सुखाची किंमत नाही. हे उत्तर तुला त्याच दिवशी दिलं असतं तर एखादं भांडण तरी कमी झालं असतं.

तिकडं गावचं घरही सावरलं. पुतण्याची मनीऑर्डर यायला लागली, छपरावर कौलं चढली, वहिनीच्या पेटीत पाच-सहा लुगडी झाली. त्या पुतण्याच्या लग्नात मात्र तू हद्द केलीस. आपण सांगलीहून मुद्दाम गेलो. वहिनी नवरदेवाची आई, मांडवात मिरवतेय. आणि तू मागच्या सोप्यात, जुनं नेसून, जात्यापाशी. मी तुला ओढायला आलो.

"अक्षता पडायची वेळ झाली. चल."

"बाई भाईर हायत न्हवं? मग म्यां घरात."

"अगं, आता दोघींना नेसायला आहे. पेट्या भरल्यात."

"नेसायला हाय. तोंड न्हाई. ते तुमच्यापाशी हाय, तुमी जाऊन या."

पाव्हण्यांना वाटलं, दोघी जावांचं वैर. मी मांडवात उभा राहून अक्षता टाकल्या आणि तुझ्यावर मनातल्या मनात इतका चिडलो की नवरीचा चेहरासुद्धा पाहिला नाही. त्याच दिवशी बोलायला हवं होतं. वहिनी आनंदात होती, दादा होता, सगळं गाव गोळा झालं होतं. मी ठरवलं, लग्नात नको, विघ्न नको. मग ठरवलं, हळदीचा हंगाम संपू दे. मला नेहमी चांगलं कारण सापडायचं. तूच म्हणायचीस, "तुमाला कारनं घावत्यात तशी दुसऱ्याला पैसं घावत न्हाईत."

या वर्षी ताप आला तुला. मी सांगलीतले दोन डॉक्टर आणले. औषध, मोसंबी, बर्फ. जे मागशील ते आणायची ऐपत होती आणि तू काहीच मागत नव्हतीस. शेवटी शेवटी एक मागितलंस.

"आता तरी जाऊन सांगा."

मी म्हणालो, "तू बरी हो. दोघं मिळून जाऊ."

"दोगं कशाला? म्यां काय केलंय?"

हे तुझं मला उद्देशून शेवटचं सरळ वाक्य. त्यानंतर तापात तू पाण्याचं, गुरांचं, असंच काहीबाही बोलत राहिलीस. काय म्हणावं तुला? इतकी वर्षं तोंड मिटून बसलीस आणि जाताना असलं बोलून गेलीस की मला धड रडताही येईना. पण हेही लिहितो, की माझी लाज झाकण्यासाठी कोणी इतकं सोसलं नव्हतं, माझ्या आईनंही नाही. त्याबद्दल तुझे उपकार मानावेत तर ते माझ्याच तोंडावर थुंकल्यासारखं होतं. तरी मानतो.

मातीला दादा आला. वहिनी आली नाही. दहावा झाला आणि मी गावी गेलो.

वहिनीनं मला कपबशीत चहा दिला. तुझ्याबद्दल जेवढ्यास तेवढं विचारलं. कप खाली ठेवायच्या आत मी बोललो, नाहीतर पुन्हा काहीतरी कारण सापडलं असतं. वलणीवरून मी काढलं, तिला तुम्ही दिलंय म्हणून सांगितलं, तिला काही ठाऊक नव्हतं. दादा आल्यावर कळलं, आणि कळल्याबरोबर तिनं परत पाठवलं.

वहिनीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"तिला ठावं न्हवतं?"

"नव्हतं."

"मंग बोलली का न्हाई? म्यां पानवठ्यावर काय काय बोलले. समद्या बायांत."

"माझ्यापायी गप्प बसली."

"तुमच्यापायी." मग इतक्या वर्षांचं 'भावजी' आणि 'तुमी' तिनं बाजूला ठेवलं. "बापाचं म्यां कवाच सोसलं रं. म्हातारं मानूस, जायचंच हुतं. पन माजी जाऊ तू खाल्लीस. एका घरात दोगी राबलो, एका लुगड्यात दोगी नांदलो, आनि तिच्या मातीला बी म्यां आले न्हाई. हे कुनी भरून द्यायचं?"

मी तिच्या पायाला हात लावायला वाकलो. तिनं पाय मागं घेतले.

"हितं चुलीपाशी मला सांगून काय उपेग? बोलले भाईर, ऐकलं गावानं. ऊठ."

तिनं घागर कमरेवर घेतली आणि चालू लागली. मी मागून. पटका, कोट, पायात सांगलीचे बूट. पाण्याची वेळ, विहिरीवर बायांची गर्दी. मला बघून दोघी-तिघींनी पदर पुढं ओढला. एक धीट होती, ती म्हणाली, "आवं दाजी, वाट चुकला का? हितं बायकांचं पानी हाय."

"चुकलेलं हुतं," वहिनी म्हणाली. "आता घावलीया वाट. घागरी ठिवा आनि ऐका." मग माझ्याकडं वळून, "बोल. गुळनी धरल्यागत काय हुबा?"

सगुणा, पेवात उतरताना भीती वाटायची तशी वाटली. मी बोललो. गावच्याच बोलीत बोललो, कारण सांगलीची भाषा तिथं तोंडातून निघेना. लुगडं कसं काढलं ते सांगितलं, तुला काय खोटं सांगितलं ते सांगितलं, दादापुढं गप्प बसलो तेही. रहाटाचं पाणी गळत होतं. एका म्हाताऱ्या बाईनं कानाला हात लावला.

"मागं ऐकू आलं न्हाई," वहिनी म्हणाली. "पुन्ना सांग. मोट्यानं."

मी पटका काढून हातात घेतला आणि मोठ्यानं म्हणालो, "चोरी म्यां केली. नाव तिचं झालं आनि म्यां हू दिलं. वयनी, तुमची माफी मागतो. आनि सगुनाची मागतो, तुमा समद्यांच्या म्होरं. तिचं कायबी चुकलं न्हवतं."